नुसतं ‘हो’ चालत नाही

सल्लागार फोन करायचे आणि ती त्यांच्या ग्राहकांच्या ऑर्डरी बाजारात टाकायची. बँकेतलं तिचं काम एवढंच, पण नियम कडक: ऑर्डर वाचून दाखवायची, समोरून स्पष्ट होकार घ्यायचा, मगच बटण दाबायचं. शब्द न् शब्द रेकॉर्ड व्हायचा. शुक्रवारी तिचं प्रोबेशन संपत होतं. नोकरी पक्की झाली तरच लेकीचं पाळणाघर चालू राहणार, म्हणून ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

नेमका त्याच दिवशी वादळाचा फोन. वादळ म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ सल्लागार. फोन ठेवला तरी कान वाजत राहायचे.

“शिक्षिकाबाईंचे सगळे शेअर विका. चालू भावाला. पटकन!”

“वाचून दाखवते, सर. शिक्षिकाबाईंच्या खात्यातले—”

“हो हो हो. टाका!”

हा ‘हो’ तिच्या ओळखीचा होता. दात घासलेस का विचारलं की ब्रशला हातही न लावता लेक अस्साच द्यायची.

“नुसतं हो नाही चालायचं, सोन्या,” ती बोलून गेली. “काय करायचंय ते तूच सांग बघू. सावकाश.”

सोन्या! आणि वर अरे-तुरे! रेकॉर्डवर!

पण वादळ शहाण्या मुलासारखं सांगू लागलं, “शिक्षिकाबाईंच्या खात्यातले... सगळे...” आणि एकदम किंचाळलं, “अहो, थांबा! बाईंचे नाही, दंतवैद्यांचे विकायचेत! दोघांची खाती समोर उघडी ठेवून बसलोय मी!”

संध्याकाळी मॅनेजरबाईंनी तिला आत बोलावलं आणि रेकॉर्डिंग लावलं. ‘सोन्या’ खोलीभर घुमलं.

“चुकलं, मॅडम. तोंडातून निघून गेलं.”

“चुकलंच. सल्लागाराला सोन्या म्हणतात का?” मॅडमना हसू आवरेना. “पण ती ऑर्डर गेली असती, तर निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ आले असते. हे घे पक्क्या नोकरीचं पत्र. फक्त हे रेकॉर्डिंग मी नव्या मुलांना ऐकवणार.”

“मॅडम, सोन्या तेवढं कापा ना!”

“ते कापलं तर ऐकायला उरलं काय?”

दरवर्षी नवी नवी पोरं कानाला हेडफोन लावून आपलं लाडिक बोलणं ऐकतायत, हे डोळ्यांसमोर येताच तिने एका हाताने कपाळ बडवलं. दुसऱ्या हाताने सही केली.