पाहणीसाठी नटवलेली वेस

या, बसा. सावली आहे तोवर बसून घ्या. मी शिरूर-दौंड वाटेवरच्या एका बाजारगावची वेस बोलतेय. दगडी कमान, तिच्यावर कोरलेले दोन वाघ, दोन बुरूज, आत बसायला देवड्या. लाकडी दारं केव्हाच गेली. त्यांचे कडीकोयंडे भंगारवाल्याच्या गाडीवरून माझ्याच कमानीखालून गेले. मी काय बोलणार?

माझा जन्म बाजारापायी. घोडनदीकडं माल नेणारे बैल माझ्यापाशी दम खात. तेव्हाची एक रीत अजून चालू आहे. माल घेऊन निघालेला माणूस माझ्या डाव्या खांबाला तळहात टेकवतो. त्यानं भाव बरा मिळतो म्हणे. मिळतो का, ते मला ठाऊक. पण गिऱ्हाइकाचा विश्वास आपण होऊन कोण मोडतं? हात लागून लागून दगडात वाटीएवढा खळगा पडला. शेवंताबाई झेंडूच्या पाट्या टेम्पोत चढवते, ती त्या खळग्यात हात टेकवूनच.

मग रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या आल्या. एक कमानीत अडकली. ड्रायव्हर ओरडला, "अरे, ये दरवाजा हटाओ यार!" रस्ता रुंद करायचं ठरलं. मला वाचवायचं, तर संरक्षित वास्तूंमध्ये माझी नोंद व्हायला हवी होती. किराणावाले सोपानराव पुढं झाले. ग्रामसभेचा ठराव, फोटो, अर्ज, सगळं पुण्याला पुरातत्त्व खात्याकडं गेलं. पाहणीला एक बाई येणार, असा निरोप आला.

इथं माझा घात झाला, आणि तोही प्रेमानं.

"पाव्हणं बघाया येनार, आन् पोरगी अशी मळकी उभी करायची व्हय?" सोपानराव म्हणाले. साऱ्यांना पटलं. मला खालपासून वरपर्यंत गुलाबी ऑइलपेंट लागला, सांध्यांवर सोनेरी पट्टे, देवड्यांत चकचकीत फरशी. गवंड्यानं तो खळगाही सिमेंटनं बुजवला.

सकाळी शेवंताबाईचा हात तिथून घसरला.

"आवं, हे काय केलंत? माझ्या सासूचा हात व्हता यात!"

"मावशे, खड्डा बुजवला तर रडतीस व्हय?" सोपानराव हसले. "रस्त्यावरचे बुजवत न्हाईत म्हून बोंबलतीस की!"

बाई आल्या. भल्या होत्या, चहा घेतला. माझ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जुना दगड कुठंय?"

"आत हाय ना, म्याडम," सोपानराव छाती फुगवून म्हणाले. "वरनं नुसतं पॅकिंग केलंय."

निकाल आला: मूळ स्वरूप दिसत नाही, नोंद करता येत नाही.

फेरविचाराचा अर्ज करता येतो, तो केला. पुन्हा पाहणी ठरली. आता गाव शहाणं झालं होतं. गावातला संपत लोखंडी फॅब्रिकेशनच्या कामावर असतो, त्यानं ग्राइंडर आणला. रंग निघाला, त्याच्याबरोबर कमानीवरचे दोन कोरीव वाघही निघाले. खळग्यातलं सिमेंट उकरताना खांबाचा टवकाच उडाला.

बाई पुन्हा आल्या. या खेपेला चहा घेतला नाही. वाघांच्या जागी बोट फिरवलं आणि गाडीत जाऊन बसल्या. निकाल तोच राहिला.

त्यांचा मला राग नाही. दिसलं ते त्यांनी लिहिलं. राग त्या बसचाही नाही. तिनं नुसता कोपरा खरवडला होता. ज्यांना मी हवी होते, त्यांनीच मला सोलून काढलं.

परवा सोपानराव माझ्याच देवडीत बसून सांगत होते, "हायवेला नवी कमान घालू, शिमिटाची. नाव वेशीचंच देऊ. वरनं काळा रंग मारला की जुनी दिसंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकालाही हसू आलं नाही.

तुमच्याही गावात माझ्यासारखं कुणी उभं असेल. बघायला माणसं येणार असली तर झाडलोट करा, पाणी शिंपडा आणि तिथंच हात आवरा.

माझ्यासाठी आता जेसीबी ठरलाय. त्याचा पहिला दात त्या डाव्या खांबालाच बसू दे, एवढंच मागणं. शेवंताबाई अजून रोज पाटी घेऊन येते, फुटक्या दगडावर तो खळगा चाचपते आणि हात तसाच मागं घेते. ते मला बघवत नाही.