माझा कापलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना पापुद्रा आहे. कांद्याचा नव्हे, चुंबकाचा. हसू नका. महाप्याच्या एका प्रयोगशाळेत मी तीन वर्षे काचेच्या कोरड्या पेटीत राहिलो आणि माझा फोटो छापून आला तेव्हा तिथे पेढे वाटले होते.

लोखंड, जर्मेनियम आणि टेल्युरियम यांची पूड नळीत बंद करून भट्टीत आठवडाभर तापवली, तेव्हा आमचा चकचकीत स्फटिक तयार झाला. त्यात पानांवर पाने रचलेली असतात. वैजयंती नावाच्या संशोधिकेने त्यावर साधी चिकटपट्टी लावली, सोलली, पुन्हा लावली, पुन्हा सोलली. शेवटी मी उरलो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. तिने मला सिलिकॉनच्या तुकड्यावर ठेवले, सतरा नंबर दिला आणि म्हणाली, "तुला हवा लागू देणार नाही हं मी." मला ती आईसारखी वाटली. मूर्खच मी!

मग तिने मला कडाक्याच्या थंडीत ठेवले आणि एका बारीक सुईने माझ्या अंगाचा नकाशा काढला. माझ्यात असंख्य इवले चुंबक आहेत. ते सगळे एकाच दिशेला तोंड करून बसले, तर बाहेर फार ओढाताण होते. म्हणून ते वस्त्या करतात. एका वस्तीतले सगळे वर पाहतात, शेजारच्या वस्तीतले सगळे खाली, आणि मध्ये एक न दिसणारी भिंत. नकाशात या वस्त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारख्या उमटतात. माझे पट्टे सुरेख होते, हे मी सांगायला नको. पण माझा एक कोपरा जेमतेम चार-पाच पानांचा होता आणि तिथे एकही पट्टा नव्हता. इतक्या पातळ जागी ओढाताणच थोडी. तेवढ्यासाठी भिंत कोण बांधणार? तिथले सगळे एकाच दिशेला पाहत होते.

वैजयंती खुर्चीतून उठलीच. "सर, पापुद्रा एवढा पातळ झाला की वस्त्या राहतच नाहीत!"

अरविंद सर प्रयोगशाळेचे प्रमुख. पापुद्रा कितीही पातळ केला तरी पट्टे राहतात, असे ते आधीच चार ठिकाणी सांगून बसले होते. ते म्हणाले, "कोपरा खराब असेल. छापायच्या फोटोतून काप तो. उगाच टेन्शन नको."

दोन दिवस तिने जेवणाचा डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी नकाशाच्या फोटोतला कोपरा कापला. फोटोत माझा फक्त जाड, पट्ट्यांचा भाग ठेवला आणि खाली जाडी लिहिली ती त्या कापलेल्या कोपऱ्याची! मला फार राग आला. तरी तिला नोकरीत मान तुकवावी लागते, असे म्हणून मी तो गिळला.

पुढच्या वर्षी खांदेश्वरची सोनम आली. करार एका वर्षाचा. तिने त्या फोटोखाली लिहिलेल्या जाडीचा पापुद्रा काढायचा आणि त्यावर पट्टे दाखवायचे. हात इतका हलका, की तिने तसे अकरा पापुद्रे काढले. पट्टे मात्र येणार कुठून? सात महिने बिचारी साप साप म्हणून भुई धोपटत होती. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "वैजयंतीला जमलं, मग तुला का जमत नाही?" वैजयंती शेजारीच होती. ती पुढची चिकटपट्टी कापू लागली.

सोनमचा करार वाढवायचा की नाही, ते जूनमध्ये ठरणार होते. मे महिन्यात ती वैजयंतीकडे आली.

"ताई, सतरा नंबरचा पूर्ण फोटो आहे का हो तुमच्याकडे?"

"तेवढाच होता गं."

"मग तो पापुद्राच एकदा बघू का?"

"उद्या देते."

संध्याकाळी सगळे गेल्यावर वैजयंतीने मला पेटीतून काढले, माझ्या डबीचे झाकण उघडून ती टेबलावर ठेवली आणि ती घरी गेली. मित्रांनो, केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. खाडीकडची दमट हवा माझ्यावर बसली. जाड भाग तगला, पण पातळ कोपरा सकाळपर्यंत गंजून मेला.

"घे," वैजयंती म्हणाली, "जुना आहे, हवा लागून कडेला खराब झालाय."

सोनमने माझा नकाशा काढला. जाड भागात पट्टे होते, कोपरा रिकामा होता. पण तो का रिकामा आहे, याचे खोटे उत्तर तिला आधीच मिळाले होते. तिने पडदा बंद केला.

"सॉरी ताई," ती म्हणाली. "तुमच्यावर उगाच शंका घेतली मी."

वैजयंतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. करार काही वाढला नाही; जूनमध्ये सोनम प्रयोगशाळा सोडून गेली.

आता मी एका खणात, जुन्या वायरींच्या गुंत्यात पडून आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या नाजूक वस्तूंना हवेपासून जपाच. पण आम्ही जे दाखवले, ते अडचणीचे असले तरी सगळे दाखवा. ज्याच्या हाती पुढचे काम जाते, त्याची वर्षे त्यावर उभी असतात. आणि सोनम कुठे भेटलीच, तर तिला माझा एवढा निरोप द्या: माफी तू मागायची नव्हतीस.