हाल्याची कवायत

तलासरीकडच्या त्या पाड्यावर शांताराम मास्तरांची बदली होऊन काही वर्षं झाली, तरी त्यांचा जीव डहाणूतच अडकलेला. बायको जयमाला तिथंच, मसोलीला, माहेरी राहत होती. सासरे रेल्वेत, घरात विजेचा दिवा, दोन पावलांवर बाजार. आणि इथं कुडाची शाळा. पटावर नावं भरपूर, समोर पोरं मोजकीच, बाकीची गुरांमागं. जिथं राहायचंच नाही तिथली माणसं ओळखीची तरी कशाला करून घ्या, असा मास्तरांचा खाक्या. ओळख नसली की संशयाला मोकळं रान मिळतं. दोन बायका कुजबुजल्या तरी मास्तरांना वाटे, आपल्याबद्दलच.

सगळ्यात जास्त संशय हाल्यावर. हाल्या वारली, महायुद्धात ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला, नाईक होऊन परतलेला. सगळे त्याला मिलिटरी हाल्या म्हणत. परत आल्यावर त्यानं गप्प भात लावावा की नाही? पण नाही. गवत कापणाऱ्यांची मजुरी त्यानं वाढवून घेतली, जंगलच्या ठेकेदाराला पाड्यापुढं हात जोडायला लावले, आणि आता सत्तावन्नच्या निवडणुकीत हा गडी चक्क विधानसभेला उभा! शाळेवरून जाताना तो टाचा जुळवून मास्तरांना सलाम ठोकी. एवढ्या अदबीमागं काहीतरी डाव असणार, असं मास्तर धरून चालले होते.

त्यात वरून एक साहेब आले. शाळेतल्या एकुलत्या एक खुर्चीत बसले, चहा अर्धा टाकला आणि म्हणाले, "मास्तर, हा तुमचा नाईक सकाळी सकाळी लोकांची कवायत घेतो म्हणे. हत्यारं-बित्यारं आहेत का? जरा डोळ्यांत तेल घालून बघा." जीपमध्ये बसता बसता त्यांनी पुढं जोडलं, "डहाणू रोडच्या शाळेत एक जागा रिकामी होतेय."

मास्तर काय समजायचं ते समजले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते ताडांच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. ऐकू काही येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं. खळ्याच्या तोंडाशी हाल्या, अंगात जुनी खाकी वर्दी, पायांत बूट, हातात दंडुका. समोर बायाबापड्यांची रांग. हाल्यानं दंडुका आपटला आणि अर्धी रांग पळत सुटली. त्यानं सगळ्यांना माघारी आणलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा दंडुका आपटला. या खेपेला कमी पळाले. मग एकेक जण त्याच्या अंगावरून पुढं सरकू लागला. पुढं लडक्या नावाचा म्हातारा ओंडक्यावर ऐटीत बसला होता. माणूस त्याच्यापुढं हात करी, लडक्या बोटाला काहीतरी काळं लावी. मग मुठीत काहीतरी झाकून तो माणूस झोपडीत शिरे आणि रिकाम्या हातानं बाहेर येई.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ही शपथच! पळणाऱ्यांना धाक घालून शपथ द्यायची, बोटावर खूण करायची. आणि झोपडीत काय साठवतायत? काडतुसं?

रविवारी मसोलीला त्यांनी जयमालेला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"अहो, पण जवळ जाऊन विचारायचं होतंत की. तो तर तुम्हाला सलाम करतो."

"म्हणूनच तर! तुला नाही कळायचं त्यातलं."

"नसेल कळत. पण एवढी वर्षं झाली, त्यांच्यातल्या एकाच्या तरी घरी पाणी प्यायलात का तुम्ही?"

मास्तरांना ते झोंबलं. "बदली हवीय ना?" त्यांनी विचारलं. जयमालेलाही नवरा घरी हवाच होता. ती खाली मान घालून खडे वेचत राहिली.

मास्तर साहेबांकडे गेले. पाहिलं तेवढंच सांगायचं असं ठरवून गेले होते. पण साहेबांनी पंखा लावला, खुर्ची दिली, "वा मास्तर!" म्हटलं, आणि मास्तरांची जीभ सैल सुटली. झोपडीतली काडतुसं आपण या डोळ्यांनी पाहिली, असंही ते सांगून बसले.

मतदान तोंडावर आलेलं असताना पोलीस हाल्याला धरून घेऊन गेले. शांतता बिघडवील म्हणून, असं कारण दिलं. झोपडीत काय सापडलं ते मास्तरांनी विचारलं नाही, आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही. शाळेवरून नेताना हाल्याच्या हातांत बेड्या होत्या. सलाम करता येईना, म्हणून त्यानं नुसत्याच टाचा जुळवल्या. अजूनही हा नाटक करतोय, मास्तरांच्या मनात आलं.

हाल्या आत गेला, तरी उमेदवारी कायम राहिली. बदलीचा हुकूमही आला. निघण्याआधी मास्तरांचं एकच काम उरलं होतं, त्यांच्याच शाळेत मतदानाच्या दिवशी टेबलाशी बसून लोकांच्या बोटाला शाई लावायची.

दारात दोन पोलीस होते. त्यातला एक तंबाखू मळत म्हणाला, "आज आराम आहे बघा मास्तर. मागच्या निवडणुकीला आमची खाकी बघितली नि अख्खा पाडा रानात पळाला. माशी फिरकली नाही."

मास्तर हसले. हाल्या आत, मग येतंय कोण? पण बाहेर पाहतात तो माणसांची रांग थेट करवंदीच्या जाळीपर्यंत गेलेली. सगळ्यांत पुढं बायजी, कमरेत वाकलेली म्हातारी. पोलिसानं मुद्दाम दंडुका आपटला. बायजी हसली, त्याला घासून आत आली, आणि मास्तरांनी काही सांगायच्या आतच तिनं डाव्या हाताचं बोट पुढं केलं.

शाईची काडी मास्तरांच्या हातातच राहिली. दारात खाकी, समोर रांग, पुढं आलेलं बोट.

"कुणी शिकवलं हे तुला?"

"हाल्यानी. रोज सकाळचा. तो पोलीस होय नि आमी पळू. मंग पळता पळता हसू यायचा, मंग भ्याव गेला. पळसाचा पान म्हंजे कागद, टोपली म्हंजे पेटी. झोपडीत जाऊन टाकायचा, कोनी बघायचा नाय. लडक्या काजळ लावी. तो मास्तर होय."

"मास्तर? कोण, मी?"

"तूच रं. हाल्या सांगे, खाकीला भिऊ नका, नीट चाला. खाकीच्या मांगं आपला मास्तर बसला आसंल. तो आपला मानूस हाय, त्याच्या हातात बोट द्यावा."

मास्तरांनी घाईघाईनं काडी टेकवली. शाई बायजीच्या नखावरून ओघळून त्यांच्याही बोटांवर आली. तिनं काही हात मागं घेतला नाही. उलट ती जवळ वाकून हळूच म्हणाली, "मास्तर, हाल्याची चुगली कोनी केली, काय कळत नाय. आमी कोनाला इचारनार? तुला लिवता येतं. त्याला सोडवायचा कागद तू लिवशील ना?"

सदऱ्याच्या खिशात बदलीचा हुकूम होता, आणि उद्या सकाळीच निघायचं होतं.

"लिहितो," मास्तर म्हणाले.

बायजी पेटीच्या खोलीकडं वळली, आणि तिच्या मागच्या माणसानं आपलं बोट त्यांच्यापुढं धरलं.