तळघरातली इस्त्री

पीप मेला त्या सकाळी तिरिलला शाळेची घाई होती, म्हणून मी तिला खोटं सांगितलं. "गार वारा लागला असेल गं त्याला," मी म्हटलं. पिंजरा स्वयंपाकघरात, खिडकी बंद, हीटर चालू. कुठला आलाय गार वारा! आदल्या संध्याकाळी तो पिवळा पोपट चांगला शिट्ट्या घालत होता. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून पडलेला. पण तेरा वर्षांच्या माझ्या मुलीने आईचं ऐकलं, नाक पुसलं आणि खांद्यावर स्की टाकून ती निघून गेली.

आमच्याकडे म्हणतात, नॉर्वेतलं मूल पायात स्की घालूनच जन्माला येतं. आमच्या स्की क्लबच्या भिंतीवर तर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'बर्फ सगळ्यांचा'. खरं आहे, बर्फ सगळ्यांचा. वेग मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीचा. ओस्लोच्या टेकडीवर राहणाऱ्या पोरांकडे दर हवेला वेगळा जोड असतो, आणि सुट्टी लागली की ती डोंगरातल्या स्वतःच्या लाकडी घरी सरावाला जातात. तिरिलकडे एकच जोड होता, तोही तिच्या मावसभावाने टाकून दिलेला. तरी ती त्या पोरांच्या पुढे जायची, आणि तेच आमच्या मुळावर आलं.

आमच्या क्लबात पालकांना श्रमदान करावं लागतं. कोणी शर्यतीच्या दिवशी वाफल भाजतं, कोणी वाटेवर निशाणं रोवतं. रिले संघाचं सगळं बघणाऱ्या प्रेबेननी माझ्या नवऱ्याला, ओडवारला, बाजूला घेतलं. ओडवार बसच्या गॅरेजात मेकॅनिक आहे, पण स्कीला मेण लावण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या पूर्व ओस्लोत कोणी नाही. "संघाच्या सगळ्या स्की तुमच्याकडे," प्रेबेन म्हणाले. "तिरिलला क्लबचा नवा जोड मिळेल, आणि रिलेतल्या तिसऱ्या टप्प्याची जागा तिचीच." ओडवार घरी आला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. प्रेबेन दातांचे डॉक्टर आहेत. हसले की समोरचा माणूस विरघळतोच.

आता हे मेण म्हणजे साधं मेण नव्हे. पांढरी पूड असते. ती स्कीच्या तळावर शिंपडायची आणि कडक तापलेल्या इस्त्रीने वितळवायची, मग स्की नुसती पळते. या पुडीवर बंदी येऊन काही वर्षं झाली, पण पोरांच्या शर्यतीत तपासायला कोण बसलंय? प्रेबेनकडे जुने डबे उरले होते. त्यांचं गॅरेज तीन गाड्यांचं, तरी काम व्हायचं आमच्या इमारतीच्या तळघरात, बरोबर माझ्या स्वयंपाकघराखाली. ओडवार जानेवारीपासून खोकत होता. आम्ही म्हणायचो, सर्दी आहे.

मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथल्या माग्नहिल्ड आजींनी जन्मभर पक्षी पाळले होते, म्हणून पीप गेल्याचं त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली कॉफी खाली ठेवली.

"तवा जाळलास का गं, वेंके?"

"तवा?"

"तो न चिकटणारा. रिकामा तापला की त्यातून वाफ निघते. माणूस नुसतं खोकतं, पाखरू मात्र लगेच जातं. माझी दोन गेली तशी."

"तवा नाही हो जाळला," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच मला तळघर आठवलं. प्रेबेनच्या डब्यावरची बारीक अक्षरं मी एकदा वाचली होती. तव्याला असतं त्याच जातीचं काहीतरी त्यात होतं. आणि माझ्या मोरीच्या पाइपाभोवती हे एवढं भोक आहे, थेट तळघरात उघडणारं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ओडवारला जेवूही दिलं नाही.

"ते बंद कर. आजपासून."

"रविवारी शर्यत आहे, वेंके."

"पाखरू मेलं, ओडवार! वरच्या मजल्यावरचं पाखरू मेलं. तू तर त्या इस्त्रीवर वाकून उभा असतोस."

"मी काय पोपट आहे?" तो हसायला गेला आणि खोकत खाली बसला. श्वास सापडल्यावर म्हणाला, "मी नाही म्हटलं तर पोरीची जागा जाईल. तिला तू सांगणार आहेस?"

मी नाही सांगितलं. पुढचे दोन दिवस माझ्याही तोंडाला कुलूपच होतं, हे कबूल केलेलं बरं. जेवताना तिरिल रिलेबद्दलच बोलायची. कोणाचा हात लागला की सुटायचं, कुठल्या चढावर जोर लावायचा. तिला असं फुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी भात वाढत राहायचे.

शनिवारी दुपारी ओडवार घोटभर पाणी पितानाही धापा टाकायला लागला, तेव्हा मी उठले. तळघरातला डबा आणि इस्त्री पिशवीत घातली आणि टेकडीवर गेले. प्रेबेन गॅरेजातच होते. आत लख्ख उजेड, फरशी आमच्या ताटांपेक्षा स्वच्छ. भिंतीला स्कीचे जोड ओळीने टांगलेले.

"अरे वा, वेंके! या, कॉफी घेणार?"

"कॉफी नको. ओडवारला बरं नाहीये, म्हणून आज मेण इथे लावायचं. मी लावते, तुम्ही फक्त सांगा कसं ते." मी इस्त्री बाकावर ठेवली आणि प्लग शोधायला लागले.

त्यांचं हसू गेलं. ते दोन पावलांत माझ्यापाशी आले आणि त्यांनी वायर हातातून काढून घेतली.

"इथे नको."

"का? जागा तर भरपूर आहे."

"अहो, वर मुलं झोपतात आमची."

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मला वाटलं होतं, या माणसाला माहीत नसेल. मनातल्या मनात मी त्याची बाजूसुद्धा घेत होते. आता तेवढाही आधार राहिला नाही.

"आमचीही एक झोपते," मी म्हटलं. "बरोबर त्या इस्त्रीच्या डोक्यावर."

"हे बघा, कोणावर जबरदस्ती नाही," त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, पेशंटशी बोलतात तसा. "श्रमदान आहे शेवटी. तुम्हाला झेपत नसेल तर दुसरं कुटुंब बघू. फक्त तिरिलला तुम्हीच समजावून सांगा, मला ते जमायचं नाही. गुणी पोर आहे हो. कामालाही कशी वाघीण आहे."

कामाला? मला वाटलं, सरावाबद्दल बोलतायत. डबा आणि इस्त्री त्यांच्याच बाकावर टाकली आणि मी निघाले. मेट्रोत बसले तेव्हा जीव हलका झाला होता. रडेल पोरगी, आठवडाभर बोलणार नाही, पण रडायला तरी छातीत दम लागतो, तो राहील. संध्याकाळी काय सांगायचं ते मी वाटेत मनाशी जुळवत होते.

साडेपाचला घरी पोचले तेव्हा अंधारलं होतं. तळघराच्या खिडकीत उजेड दिसला, आणि जिन्यातच तो वास आला.

तिरिल इस्त्रीवर वाकून उभी होती. तोंडावरचा रुमाल गळ्यात उतरलेला, स्कीवरून पांढरा धूर तिच्या चेहऱ्यावर येत होता. शेजारी दुसरा डबा, दुसरी इस्त्री. भिंतीला पाच जोड तयार होते.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"प्रेबेननी दिलं ना, मागच्याच महिन्यात. बाबा खोकतो म्हणून अर्धे जोड मीच करते. ओरडू नकोस गं! ते म्हणाले, माझा हात बाबापेक्षा स्थिर आहे."

मागच्या महिन्यात. मी प्लग ओढून काढला, दार सताड उघडलं. बाहेरची हवा आत शिरली. तिरिल चिडून काहीतरी बोलायला गेली आणि खोकली. मग पुन्हा खोकली, बाकाला धरून, ओडवार खोकतो तशी.

"तिरिल, कधीपासून आहे हा खोकला?"

"काही नाही गं," ती डोळे पुसत म्हणाली. "गार वारा लागला असेल."