दुसरं पिस्तूल

गिरणीनं जयवंत परबाचे कान घेतले आणि त्या बदल्यात ओठ वाचायची विद्या दिली. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मागांचे साचे धडधडू लागले की शेजाऱ्याची हाकही ऐकू येत नसे. मग तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून, बोटं नाचवून बोलत, आणि मुकादमाच्या नाकासमोर त्याचीच टिंगल करत. संप झाला, गिरणी गेली ती गेलीच, पण खोड काही गेली नाही. लालबागच्या त्या चाळीत या गॅलरीतून त्या गॅलरीत अजूनही मुक्यानं गप्पा चालायच्या. परबांच्या घरात तर बायको सुभद्रा आणि मुलगी राधा दोघींनाही ही बोली यायची, कारण जयवंताला कमी ऐकू यायचं आणि चाळीला जरा जास्तच.

संपानंतर त्यानं पडेल ते काम केलं. शेवटी गिरगावात सोराबशेठ या पारशाच्या बंदुकांच्या दुकानात तो विक्रेता म्हणून लागला. आयुष्यभर धागे जोडणारा माणूस आता रिव्हॉल्व्हरं पुसतो म्हणून चाळ पोट धरून हसली. पेढे मात्र चाळीनंच संपवले.

त्या वर्षी गणपतीत मंडळानं वादविवाद स्पर्धेला मोठा खमंग विषय काढला. पेपरात रोज गोळीबाराच्या बातम्या, तेव्हा परवाना असला तरी माणसाला वर्षात एकाहून जास्त पिस्तूल विकत घेता येऊ नये, असा कायदा हवा की नको? ज्या चाळीत पिस्तूल सोडा, कुणाकडे दुसरी छत्री नव्हती, तिथं या प्रश्नावरून नळावर भांडणं जुंपली. कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं आणि राधाच्या वाट्याला 'कायदा हवा' आलं. एवढ्यावर भागलं असतं. पण मंडळाचा चिटणीस रामदास, जयवंताचा साच्यावरचा जुना जोडीदार, भलताच उत्साही. विषयाला शोभेल असा पाहुणा हवा म्हणून तो परस्पर सोराबशेठनाच आमंत्रण देऊन आला.

"तुमचो शेठ फुडे बसतलो आणि आपला चेडू त्याच्याच दुकानार धोंडो घालतला," सुभद्रा म्हणाली. "बरा दिसता काय?"

बरं दिसत नव्हतंच. सोराबशेठ मनानं मोठे, पण नाकावर राग. आधीच्या विक्रेत्यानं गिऱ्हाइकासमोर दुकानाला नावं ठेवली, तर त्याला त्याच संध्याकाळी घरी बसवलं होतं. पन्नाशीच्या अर्धबहिऱ्या माणसाला आता तिसरी नोकरी कोण देणार? जयवंत मनातून पार धास्तावला होता. तरी लेकीला त्यानं परवाने, पोलीस चौकशी, कायदा, सगळं समजावून दिलं. फक्त काउंटरमागे उभं राहून जे त्याचं त्याला उमगलं होतं, तेवढं पोटात ठेवलं.

स्पर्धेला मांडव गच्च भरला. पांढरी पारशी डगली घातलेले सोराबशेठ पहिल्या रांगेत, शेजारी रामदास. जयवंत मागे खांबाला टेकून उभा. राधा छान बोलली. पण विरुद्ध बाजूच्या, गिरगावच्या एका कॉलेजकुमारानं तिला मधेच गाठलं. माणूस भीतीपोटी पिस्तूल घेतो, म्हणाला, मग भीतीनं काय वर्षातून एकदाच यायचं? मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. राधाचा चेहरा उतरला. तिनं थेट खांबाकडे पाहिलं.

उत्तर जयवंताकडे होतं. समोर शेठची पाठ होती. एकीकडे नोकरी, दुसरीकडे भरल्या मांडवात अडलेली पोर. विचार पुरा व्हायच्या आत त्याचे ओठ हलूही लागले.

'पहिल्या वेळी गिऱ्हाईक एकटं येतं आणि विचारतं, घरात हे ठेवू कुठं? दुसऱ्या वेळी दोस्तांना घेऊन येतं आणि आरशात बघतं. पहिलं घेतात भीतीनं, दुसरं मिजाशीनं.'

फक्त तो एक गोष्ट विसरला. पोरीची नजर खांबावर खिळलेली पाहून निम्मा मांडव मागे वळला होता, आणि तो निम्मा मांडव साळखात्यातला होता. राधानं तोंड उघडायच्या आत तिथं हशाचा स्फोट झाला. मग तिनं तेच वाक्य माइकवर म्हटलं तेव्हा उरलेला मांडवही हसला, आणि कॉलेजकुमार खाली बसला.

शेठ मात्र हसले नाहीत. मुलगी बोलायच्या आधीच लोक का हसले, असं त्यांनी रामदासला विचारलं. रामदासनं साळसूदपणे 'ठाऊक नाही' अशी मान हलवली. आजूबाजूच्या सगळ्या जुन्या विणकरांनीही हलवली. संपात कुणी कुणाचं नाव सांगितलं नव्हतं, ते आज कसले सांगतात? पण सगळ्यांच्या नजरा कुठं वळल्या होत्या ते शेठनी पाहिलं होतं. ते उठले आणि माणसं बाजूला सारत खांबाशी आले.

"जयवंत, तू काय बोल्ला? सगळ्यांना समजला, मलाच नाय."

जयवंताला सांगता आलं असतं की काही नाही. ज्यांनी आत्ता त्याच्यासाठी माना हलवल्या होत्या, ते सगळे त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यानं घसा साफ केला आणि शब्दन् शब्द उघड बोलून दाखवला. कमी ऐकणाऱ्या माणसाचा आवाज तो, माइकशिवाय रस्त्यापर्यंत गेला.

सोराबशेठनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"माझ्या घरात तीन हाय," ते म्हणाले. "एक माझ्या बावाजींनी दिला, तो राहू दे. बाकीचे दोन उद्या दुकानात आणते. विकून टाक."

जयवंताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवायला तो खाली बघून हसला आणि म्हणाला, "विकतो शेठ. पण दोन्ही एकाच गिऱ्हाइकाला नाय देणार."