आयुधपूजेचं औषध

कुवेंपुनगरातला रविकिरण टेलर माणूस वाईट नव्हता हो. पण हट्टी? देवा रे देवा!

त्याच्या सात वर्षांच्या सुदीपला हिमोफिलिया. साधं ठेचकाळलं तरी रक्त थांबायचं नाही. ते गोठावं म्हणून इंजेक्शन सुरू केलं, तर पोराच्या अंगानं त्या औषधाशीच वैर धरलं. आता बोला! डॉक्टर विशालाक्षी म्हणाल्या, "रोज टोचत राहिलात तर अंगाला सवय होईल. एकही दिवस चुकवायचा नाही." रविकिरणची बायको अनुसूया शीर शोधून टोचायला स्वतः शिकली. दहा महिने पोर किंचाळायचं, ती टोचायची आणि रविकिरण गेटबाहेर जाऊन उभा राहायचा. पण रिपोर्ट सुधारत होते.

मग दसऱ्यात आयुधपूजा आली. घराणं जुन्या रंगाऱ्यांचं. पोटाला घालणारी हत्यारं त्या दिवशी देवापुढं मांडायची, दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत हात लावायचा नाही. रविकिरणनं कात्र्या मांडल्या, मशीनला हार घातला आणि फ्रिजमधली औषधाची पेटी, सुयाही आणून ठेवल्या. वर कुंकू, शेवंती.

संध्याकाळी अनुसूयेनं पेटीकडं हात नेला.

"अय्यो, उचलू नको!"

"अहो, डॉक्टर काय म्हणाल्यात?"

"एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? देवाचं आहे ते."

देवाचं कसलं डोंबलाचं! एक संध्याकाळ त्याला पोराचं किंचाळणं नको होतं. सुदीप त्या दिवशी हसत जेवला, आणि बापाचा जीव सुखावला.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या आधीच पोराचा गुडघा सुजून टम्म झाला. तीन आठवडे दवाखान्यात गेले. मग रिपोर्ट आला. अंगातलं वैर होतं त्याच्या दसपट.

"मधे चुकवलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. नाही झालं असंही म्हणता येत नाही. आता पहिल्यापासून सुरुवात. आणि गुडघा सरळ होईल याचा भरवसा नाही."

सांगावं, आत्ता सांगावं, असं रविकिरणला फार वाटलं.

"मी विसरले, मॅडम," अनुसूया म्हणाली.

'तुझ्या माहेरचंच रक्त नासकं' असं जिला तो चारचौघांत बोलला होता, तीच ही. डॉक्टर तिला रागावल्या. आई असून विसरता कशा, म्हणाल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

सुदीप पलंगावरून बापाकडं बघत होता. पूजेच्या दिवशी तोही तिथंच होता.

रविकिरणनं तोंड उघडलं आणि विचारलं, "बिल कुठं भरायचं?"