लांबचं वर, जवळचं खाली

मित्रांनो, माझ्यात तुमचं अख्खं तोंड मावणार नाही. एक डोळा मावेल, फार तर अर्धी भुवई. मी एक जुना आरसा आहे, बाटलीच्या झाकणाएवढा, लांब दांडीच्या टोकाला बसवलेला. भांग पाडायला मी कधीच कुणाच्या उपयोगी पडलो नाही. जिथे माणसाची मान वळत नाही, तिथे मला पाठवतात. पाइपाच्या मागे, पाइपाच्या पोटाखाली, भिंतीला खेटलेल्या जोडाच्या पलीकडे.

मला एका वेळी थोडंसंच दिसतं. त्यामुळे माझी गोष्टही तुकड्यातुकड्यांनीच येईल. मध्ये कुठे धूसर झाली तर समजा की मला पुसायचं राहिलंय.

*

माझ्यात पहिल्यांदा उमटलं ते एक पत्र्याचं छप्पर. तिथे मला मोठ्या काचेतून गोल कापलं, कडा घासल्या आणि दांडीला असा सांधा दिला की मी हवं तिकडे मान वळवावी. माझ्याबरोबर कापलेले भाऊ दातांच्या दवाखान्यात गेले. मी लोखंडाचे दात बघायला आलो.

*

मग बराच काळ माझ्यात एकच डोळा असे. मास्तरांचा.

मास्तर वेल्डिंगची तपासणी शिकवत. दोन पाइपांची टोकं वितळवून जोडली की सांध्यावर शिवणीसारखा वळ उठतो. तो जोड आतून एकजीव झालाय की नुसता वरवर चिकटलाय, हे ओळखायचं. त्यांच्या लांब टेबलावर मुद्दाम बिघडवलेले जोड मांडलेले असत. कुठे केसासारखा तडा, कुठे बुडबुड्यांची भोकं, कुठे कडेला खाच. शिकणाऱ्यांनी ते शोधायचे.

माझ्याबद्दल ते पहिल्याच दिवशी बजावत. "हा आरसा खोटं बोलत नाही, पण उलटं बोलतो. पाइपाच्या पोटाखाली धरलात की भिंतीकडची बाजू याच्यात वर दिसते आणि तुमच्याकडची खाली. लांबचं वर, जवळचं खाली. डोक्यावर विसंबू नका. दुसऱ्याला टॉर्च धरायला सांगा, बोट घाला, बोट आरशात त्या डागावर टेकलेलं दिसू दे. मगच खडू."

सगळे माना डोलवत. टेबलावर ते सोपंच असतं. तुकडा उचलून उलटा केला की झालं.

*

माझ्यात: पापणीजवळ जुना भाजल्याचा ठिपका असलेला डोळा.

ही ताई. वर्गात सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. तिने बरीच वर्षं स्वतः वेल्डिंग केलं होतं आणि धाकट्या भावालाही तिनेच शिकवलं होतं. आता तिला तपासनीस व्हायचं होतं. घरी त्यावरून जी थट्टा चाले, ती ती डबा खाताना वर्गाला ऐकवी.

"माझा भाऊ म्हणतो, दुसऱ्याच्या चुका काढायला शाळा लागते होय? आपली आत्या तर फुकट काढते."

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "आत्याला सांग, चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखव. नुसतं 'चुकलं' म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे."

*

(पुसलं. आता नीट बघा.)

प्रशिक्षणाचा शेवटचा भाग कारखान्यात होता. जोड खरे, पाइप खरे. तिने जोड तपासायचे, मास्तरांनी लांबून बघायचं आणि मग ती पास की नापास ते ठरवायचं. तिच्या वाट्याला भिंतीलगतची हवेची लाइन आली. तिथला वेल्डर होता तिचाच भाऊ.

मास्तरांनी विचारलं होतं, "दुसरी लाइन देऊ का?"

"नको. भाऊ आहे म्हणून सोडणार नाही आणि भाऊ आहे म्हणून पकडणारही नाही."

बोलायला छान होतं ते.

*

माझ्यात: पाइपाचं पोट. टॉर्चचा पिवळा गोल. वळावर, माझ्यातल्या वरच्या टोकाला, एक काळी बारीक रेघ.

तडा.

मला तोंड आहे, मित्रांनो, पण ते नेहमी समोरच्याचं असतं. जे आहे ते मी दाखवलं. पुढचं माझ्या हातात नव्हतं.

तिच्या एका हातात मी होतो, दुसऱ्यात टॉर्च. खडूसाठी तिसरा हात हवा होता. भाऊ दोन पावलांवर उभा होता. "जरा टॉर्च धर" एवढंच म्हणायचं होतं. पण ज्याचा जोड नापास करायचा त्यालाच उजेड धरायला सांगणं तिला जड गेलं. तिने मला खिशात टाकलं, अंदाजाने हात खाली घातला आणि अलीकडच्या बाजूला खडूची फुली मारली. आरशात वर, म्हणजे आपल्याकडे. डोक्याने असं ठरवून टाकलं.

"इथे तडा आहे. घासून परत भर."

"कुठे?" भाऊ खाली वाकला. "ताई, इथे काही नाही. हा जोड मी जीव लावून केलाय."

"सगळे असंच म्हणतात."

"मी सगळ्यांतला आहे का?"

 मुकादम मागे घाई करत होता. भावाने ग्राइंडर उचलला आणि स्वतःचा चांगला जोड ठिणग्या उडवत घासून टाकला. मग पुन्हा भरला. त्या वेळात त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

जोड निवल्यावर ती वाकली. नवा वळ डोळ्यांनीच स्वच्छ दिसत होता, चकचकीत आणि सरळ. मी खिशातच होतो.

"ठीक आहे," ती म्हणाली.

*

माझ्यात: अंधार, खिशाची शिवण. इथून पुढचं मी ऐकलं फक्त.

लाइनमध्ये हवा दाबून भरायची आणि जोड टिकतात का ते बघायचं, अशी चाचणी होती. कंप्रेसर धडधडू लागला. मुकादम ओरडून दाबाच्या गेजवरचा आकडा सांगत होता. हवेची चाचणी पाणी भरून केलेल्या चाचणीसारखी भोळी नसते, मित्रांनो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी दबा धरून बसते आणि बारीक तडा कधी कधी न गळता एकदम उघडतो. लाइनमध्ये दाब असताना कुणी जोडाजवळ जायचं नसतं. पण मुकादमाला दुपारच्या आत काम संपवायचं होतं.

"ए, साबणाचं पाणी घे. फेस लाव त्या नव्या जोडाला, गळत असेल तर बुडबुडे येतील."

भावाच्या बादलीची कडी वाजली. पावलं भिंतीकडे गेली. तो गुडघ्यांवर बसला असावा, कारण आवाज खालून आला. "लाव की किती लावायचाय तेवढा दाब. माझाच जोड आहे."

आकडा चढत होता. माझ्या पाठीशी तिचं काळीज ठोकत होतं आणि अजून तरी ते फक्त भांडणाचं ठोकणं होतं.

मास्तर जवळ आले. "आत्ता तपासलंस ते कशाने?"

"डोळ्यांनी. वाकलं की सरळ दिसतंय."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग सकाळी आरसा कशाला लागला होता?"

त्या क्षणी ठोके थांबले. मला खरंच वाटलं, थांबले. सकाळीही ती वाकली होती. तेव्हा तिला अलीकडे काहीच दिसलं नव्हतं, म्हणून तर मला बाहेर काढलं होतं. जे वाकून दिसतं तिथे तडा नव्हताच कधी.

"बंद करा." मग पुन्हा, मोठ्याने, "कंप्रेसर बंद करा. दाब सोडा. तू ऊठ तिथून."

"आता काय झालं?" भावाचा आवाज चिडलेला.

"ऊठ म्हणते ना. माझं चुकलंय."

धडधड थांबली. हवा सुस्कारा टाकत बाहेर पडली. 

*

माझ्यात: पाइपाचं पोट. खाली नवा चकचकीत वळ. वर तीच काळी रेघ, सकाळपेक्षा जराशी लांब.

"टॉर्च धर," ती भावाला म्हणाली.

त्याने धरला. तिचं बोट माझ्यात आलं, चाचपडत. आधी खालच्या वळाला लागलं, मग भिंतीच्या फटीत शिरलं, वर सरकलं आणि रेघेवर टेकलं. मगच खडू.

भाऊ बराच वेळ माझ्यात बघत राहिला. त्याचा जोड चुकलाच होता, पण तिने दाखवला तिथे नव्हे.

"माफ कर," ती म्हणाली.

"माझी कसली माफी मागतेस. इकडच्या बाजूची माग, फुकट मेली बिचारी."

ती हसली आणि मग डोळे पुसायला तिने माझंच फडकं वापरलं.

मास्तरांनी तिला नापास केलं. "थांबवलंस म्हणून पुढच्या तुकडीत घेतो. नाहीतर दारातही उभी केली नसती." मुकादमाला ते बाजूला घेऊन गेले. तिथे काय झालं ते मला दिसलं नाही, पण परत येताना मुकादमाची मान खाली होती.

*

आता माझ्यावर एक ओरखडा आहे आणि कडेने पारा उडालाय. सापासारखी वळणारी कॅमेऱ्याची नळी आली तेव्हापासून मी खणात असतो, वाळलेल्या पेनांच्या सोबतीला. कधी कधी महिनोन्महिने माझ्यात फक्त खणाचं लाकूड असतं.

पण नवी तुकडी आली की खण उघडतो. पापणीजवळ ठिपका असलेला डोळा माझ्यात येतो. त्याभोवती आता सुरकुत्या आहेत, आणि मास्तरांच्या टेबलाशी आता तीच शिकवते. ताई मला मऊ फडक्याने पुसते, खरखरीत कापडाने नाही. तेवढं तुम्हीही लक्षात ठेवा, मित्रांनो. ज्याच्यातून तुम्ही बघता, ते पुसून ठेवत जा. आणि कुणाची चूक दिसली तर खडू उचलायची घाई करू नका. ज्याची चूक आहे, त्यालाच उजेड धरायला सांगा.

परवा एका मुलीने मला पाइपाखाली धरलं आणि खडू काढला.

"थांब," ताई म्हणाली. "तुझं बोट कुठाय?"

मुलीने बोट घातलं. ते डागावर टेकायची मी वाट बघत राहिलो.